गावाच्या पाण्याचा ताळेबंद : निघोजे परिसरासाठी एक अभ्यासपाठ

(ग्रामकार्यकर्ते व शेतकरी अभ्यासमंडळे यांच्यासाठी)

पाठाचा हेतू

घरात धान्य किती आहे आणि खाणारी तोंडे किती आहेत याचा हिशेब प्रत्येक गृहिणी ठेवते. सुगीत भरलेली कणगी आषाढापर्यंत पुरवावयाची, तर मापटे जपून वापरावे लागते हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु हाच हिशेब गावाच्या पाण्याच्या बाबतीत फारच थोड्या ठिकाणी मांडला जातो. प्रत्येकाची विहीर वेगळी, प्रत्येकाचा पंप वेगळा. यामुळे जमिनीखालचे पाणीही वेगवेगळे आहे असा समज होतो. वास्तविक ती सर्व गावाची एकच कणगी आहे व तिच्यात प्रत्येक जण आपापले मापटे घालीत असतो.

हवामानाची घडी जसजशी विस्कटत आहे तसतशी या हिशेबाची निकड वाढत आहे. गावाने एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा, तो मांडल्याने कोणत्या गावांचा काय लाभ झाला, आणि खेड तालुक्यातील निघोजे व त्याच्या शेजारच्या गावांसारख्या कारखानदारीने वेढलेल्या परिसरात त्याचा उपयोग कसा करता येईल, हे समजावून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

हवामान बदलले म्हणजे नेमके काय झाले

कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्याने हवेतील कर्बवायूचे प्रमाण वाढते व पृथ्वीवरील उष्णता कोंडली जाते. कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे हवा एकीकडे जमिनीतील ओल अधिक शोषून घेते व दुसरीकडे पाऊस पडू लागला की तो एकदम कोसळतो.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्याचे त्यात दाखविले आहे. पुणे जिल्ह्यातील लोकांना याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काही तासांच्या पावसाने पुणे शहरातील आंबिल ओढ्याला पूर आला व त्यात माणसे दगावली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, वर्षाची सरासरी तीच राहिली तरी पावसाचे दिवस कमी होतात व झड मोठी होते. संथ पडलेला ६० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरतो. तोच एका तासात कोसळला तर माती घेऊन ओढ्याला जातो. पुढे वीस-पंचवीस दिवसांची उघडीप पडली की त्याच शेतातील पीक माना टाकते. म्हणून बदलत्या हवामानाशी सामना करणे म्हणजे, आपल्या भागापुरते बोलावयाचे तर, पडेल तो पाऊस थोपविणे आणि थोपविलेला मापून वापरणे होय. हे काम एकट्या खातेदाराच्या आवाक्यातील नाही. पाणी बांध ओळखत नाही, म्हणून ते गावानेच केले पाहिजे.

निघोजे परिसराची स्थिती

निघोजे हे गाव इंद्रायणीच्या खोऱ्यात वसले आहे. नदी लोणावळ्याजवळ उगम पावते, देहू व आळंदी या तीर्थक्षेत्रांवरून वाहते आणि तुळापूर येथे भीमेस मिळते. नदीच्या एका अंगास पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची वस्ती, तर दुसऱ्या अंगास महाळुंगे, निघोजे, मोई, कुरुळी, चिंबळी ही खेड तालुक्यातील गावे आहेत. कांदा व बटाटा यांसाठी हा तालुका प्रसिद्ध असून चाकणचा कांद्याचा बाजार दूरवर नावाजलेला आहे.

गेल्या काही दशकांत चाकण औद्योगिक क्षेत्राने या परिसराचे रूप पालटले. २००९ व २०१० या दोन वर्षांत येथे मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले व त्यांच्यामागोमाग सुटे भाग बनविणारे अनेक लहान कारखाने आले. रोजगार आला, रस्ते आले, जमिनीला भाव आला. त्याबरोबर तीन गोष्टी घडल्या व त्या पाण्याच्या हिशेबात महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट, जेथे पूर्वी माळ व शेत होते तेथे आता पत्र्याची छपरे, सिमेंटची अंगणे व डांबरी रस्ते आहेत. या पृष्ठभागावर पडलेला पाऊस मुरत नाही. तो एकदम वाहतो व खालच्या अंगाच्या शेतात शिरतो. दुसरी गोष्ट, कारखान्यांत काम करणारा मोठा कामगारवर्ग भाड्याच्या खोल्यांतून राहतो. त्याचे नाव गावच्या मतदारयादीत बहुधा नसते. तहान मात्र असते. तिसरी गोष्ट, जमिनीचे तुकडे विकले जात आहेत आणि विकलेल्या तुकड्यावर नवी कूपनलिका खोदली गेली की शेजारच्या जुन्या विहिरीचे पाणी खाली जाते. जमीन न विकणाऱ्या शेतकऱ्याची शेती अशा रीतीने त्याच्या संमतीवाचून कोरडी पडू शकते. या परिसरात पुढील पिढीने शेती करावी किंवा नाही, हा प्रश्न बाजारभावाइतकाच पाण्यावर अवलंबून आहे.

जमिनीखालची कणगी केवढी आहे

दख्खनच्या पठारावरील खडक काळा बेसाल्ट आहे. या खडकात वाळूसारखी सर्वत्र पोकळी नसते. वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांतच काय ते पाणी राहते. अशा १०० घनमीटर थरातून उपसता येण्याजोगे पाणी बहुधा १ ते ३ घनमीटरच असते. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, आपली कणगी लहान आहे. ती एका चांगल्या पावसात भरते आणि एका उन्हाळ्यात रिकामी होते. दुसरी, खोल कूपनलिका घेतल्याने नवे पाणी निर्माण होत नाही. शेजाऱ्याच्या भेगेतील अथवा पुढल्या वर्षासाठी राहिलेले पाणी आपण वर आणतो, इतकेच.

दोन गावांचा अनुभव

नायगाव : १९७२ च्या दुष्काळाने पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका होरपळून निघाला. त्या वेळी पुण्यातील एक अभियंता व कारखानदार श्री. विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतली. तेथे बांधबंदिस्ती, पाझर तलाव व विहीर करून पाणी अडविल्यास उजाड माळही पिकतो हे त्यांनी दाखविले. यातूनच पुढे 'पाणी पंचायत' ही चळवळ उभी राहिली.

पाणी पंचायतीचे नियम मनन करण्याजोगे आहेत. उपसा योजना एकट्यासाठी नसून गटासाठी असावी. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर भिजेल इतका व कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरापर्यंत द्यावा. उसासारखे फार पाणी पिणारे पीक घेऊ नये. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क असावा. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभारावा. आणि पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला नसावा. जमीन विकली तरी पाणी गटाकडेच राहावे. जेथे जमिनीचे व्यवहार रोज होत आहेत अशा निघोजेसारख्या गावास हा शेवटचा नियम विशेष विचार करावयास लावील.

हिवरे बाजार : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून तेथे वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. १९७२ नंतर तेथील डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या व पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी बाहेर गेली. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. १९९४ मध्ये गाव राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत आले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही सूत्रे ग्रामसभेने स्वीकारली. डोंगरावर सलग समपातळी चर खणले, झाडे लावली, नाल्यांवर बांध घातले.

येथपर्यंतचे काम इतर अनेक गावांनीही केले आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. अडविलेल्या पाण्यावर गावाने स्वतःच बंधन घातले. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, ऊस व केळी यांसारखी पिके घ्यावयाची नाहीत आणि जमीन गावाबाहेरच्या माणसास विकावयाची नाही असे ठरले. २००४ पासून तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस मोजतात, निरीक्षण-विहिरींची पातळी पाहतात, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढतात आणि उरलेल्यात कोणती पिके किती घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरवितात. पाऊस कमी पडला तर रब्बीचे क्षेत्र कमी करण्याचा निर्णय होतो. गावाबाहेर गेलेली अनेक कुटुंबे परत आली, ती केवळ चर खणले म्हणून नव्हे; चरांत मुरलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत राखले म्हणून परत आली.

२०१६ साली वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेस प्रारंभ झाला व २०१९ पर्यंत ती दरवर्षी अधिक तालुक्यांत भरली. पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील वेळू गाव प्रथम आले. हजारो लोक श्रमदान करू शकतात हे त्या स्पर्धेने सिद्ध केले. तथापि जेथे पाणी आल्याबरोबर पंपही वाढतात, तेथे काही वर्षांतच टँकर परत येतो. म्हणून श्रमदानाच्या दिवशीच ताळेबंदाचीही बोलणी व्हावी.

ताळेबंद मांडण्याची रीत

१. मोजणी. गावात निदान दोन पर्जन्यमापके असावीत : एक माळावर व एक खालच्या अंगास. शाळेतील मुलांकडे रोज सकाळी ठराविक वेळी नोंद घेण्याचे काम द्यावे. सात-आठ विहिरी निरीक्षणासाठी निवडाव्या. दोरीला वजन बांधून, काठापासून पाणी किती खाली आहे ते मेमध्ये, ऑक्टोबरच्या प्रारंभी व जानेवारीत मोजावे आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहावा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर, हे प्रत्येकाच्या ध्यानात आणून द्यावे.

२. जमा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच १० हजार लिटर पाणी होय. रीत समजावी म्हणून एका कल्पित गावाचे उदाहरण घेऊ. क्षेत्र ५०० हेक्टर, पाऊस ६०० मिलिमीटर. एकूण पाऊस ३० लाख घनमीटर झाला. यापैकी निम्मे पाणी पिके, गवत व जमीन यांतून वाफ होऊन जाते असे धरू. उरलेल्यापैकी साडेचार लाख घनमीटर जमिनीत मुरले व दीड लाख बंधाऱ्यांत साठले. बाकीचे वाहून गेले. तेव्हा गावाची खरी जमा ६ लाख घनमीटर, म्हणजे पडलेल्या पावसाचा केवळ पाचवा हिस्सा.

३. पहिला खर्च : पिण्याचे व घरगुती पाणी. वस्ती ३,००० धरू. माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ६० हजार घनमीटर लागतील. मोठी जनावरे ८००, प्रत्येकी रोज ६० लिटर, म्हणजे सुमारे साडेसतरा हजार घनमीटर. दोन्ही मिळून सुमारे ७८ हजार. वस्ती मोजताना भाडेकरू कामगारांना वगळू नये; त्यांना वगळून केलेला हिशेब मार्चमध्येच खोटा ठरेल.

४. शिल्लक राखणे. उरलेल्या ५ लाख २२ हजार घनमीटरपैकी ३० टक्के पाणी पुढच्या वर्षासाठी जमिनीतच राहू द्यावे. पाऊस लांबला तर हेच पाणी गाव तारते. मग रब्बीसाठी सुमारे ३ लाख ६५ हजार घनमीटर उरतात.

५. पिकांची निवड. हरभरा अथवा रब्बी ज्वारीस हेक्टरी २,५०० घनमीटर, कांद्यास ६,००० घनमीटर आणि उसास पावसाचे पाणी वजा जाता १५,००० घनमीटर लागतात असे धरू. तर उपलब्ध पाण्यात एक तर १४६ हेक्टर ज्वारी-हरभरा होईल, किंवा ६० हेक्टर कांदा होईल, किंवा २४ हेक्टर ऊस होईल. तिन्ही एकदम होणार नाहीत. हे तीन आकडे फळ्यावर लिहून ग्रामकार्यकर्त्याने बाजूस बसावे. पुढची चर्चा शेतकरी आपण होऊन करतील.

६. तुटीचे वर्ष. त्याच गावात पाऊस ३५० मिलिमीटर पडला व जमा सव्वादोन लाख घनमीटरवर आली असे समजा. पिण्याच्या पाण्याचे ७८ हजार कमी होत नाहीत. ३० टक्के शिल्लक ठेवल्यावर शेतीस सुमारे १ लाख ३ हजार घनमीटर उरतात. ज्वारी-हरभरा ४१ हेक्टर, कांदा १७ हेक्टर, ऊस ७ हेक्टरही नाही. पाऊस चाळीस टक्क्यांनी घटला, पण शेतीचे पाणी सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. पेरणी झाल्यावर हे कळण्यापेक्षा पेरणीपूर्वी कळलेले बरे. ठिबक सिंचनाने हे क्षेत्र काहीसे वाढविता येते. परंतु ठिबकने वाचलेल्या पाण्यावर नवे क्षेत्र वाढविले तर शिल्लक पूर्वीइतकीच राहते, हेही सांगावे.

पाणी मुरविण्याची कामे

काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे. प्रथम टेकडीचा उतार, मग माळ, मग शेतांची बांधबंदिस्ती व शेवटी नाला. याउलट आधी नाल्यात बंधारा बांधला तर तो दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल असा समपातळी चर मीटरमागे ०.१८ घनमीटर पाणी धरतो. पाचशे मीटर लांबीचे चर एका भरणीत ९० घनमीटर पाणी थोपवितात. पावसाळ्यात ते पाच वेळा भरले तर साडेचारशे घनमीटर पाण्याला मुरावयास अवसर मिळतो. चर समपातळीत नसेल तर पाणी एका टोकास जाऊन तेथेच बांध फोडते, म्हणून आखणी पारदर्शक नळीत पाणी भरून तपासून घ्यावी. पावसाळा सरताना ओढ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरून वनराई बंधारे घालावे. त्यांस श्रमाखेरीज फारसा खर्च नाही.

नाला खोल करताना सावधगिरी बाळगावी. गाळ काढणे हितावह. परंतु मुरूम फोडून तळ खडकापर्यंत नेला तर दोन्ही काठांच्या विहिरींचे पाणी नाल्यात पाझरून वाहून जाण्याचा संभव असतो. तसेच शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे. विहिरीचे पाणी उपसून शेततळ्यात साठविणे म्हणजे सावलीतले पाणी उन्हात आणून ठेवणे होय.

कारखान्यांची छपरे हे या परिसराचे खास साधन आहे. एक हेक्टर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला व त्यातील ८० टक्के गोळा झाला तर ४८ लाख लिटर पाणी मिळते. वरील हिशेबाने हे पाणी जवळजवळ दोन हेक्टर हरभऱ्यास पुरेल. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावयाचे असतात. ग्रामपंचायतीने त्यांच्याकडे मागणी घेऊन जाण्यापूर्वी आपला ताळेबंद व कामांचा नकाशा तयार ठेवावा. गावाची योजना तयार असेल तर देणगीदार तिला हातभार लावतो. तयार नसेल तर तो आपली योजना गावावर ठेवून जातो व तिची निगा कोणी राखीत नाही.

मुरविण्यापूर्वी पाणी पारखावे

औद्योगिक परिसरात एक नियम काटेकोरपणे पाळला पाहिजे. रस्त्याचे, वाहनतळाचे अथवा कारखान्याच्या आवारातून वाहत आलेले पाणी विहिरीत किंवा कूपनलिकेत कदापि सोडू नये. त्यातील तेल, रसायने व जड धातू एकदा भूजलात शिरले की ते काढून टाकणे बहुधा अशक्य होते. स्वच्छ छपराचे पाणीसुद्धा पहिल्या पावसाचे वाहून जाऊ द्यावे व नंतरचे वाळू-खडीच्या गाळणीतून न्यावे.

निरीक्षण-विहिरींचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. जेथे शंका असेल तेथे जड धातूंचीही तपासणी मागावी. अहवाल फडताळात न ठेवता ग्रामसभेत वाचावा. प्रदूषण आढळल्यास दिनांक, ठिकाण व नमुन्याचा अहवाल जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. सलग तीन वर्षांची नोंद मात्र दुर्लक्षिता येत नाही. इंद्रायणीच्या पाण्याचा रंग वा वास पालटलेला दिसेल त्या काळात ते पालेभाज्यांस देऊ नये.

पाण्याची पातळी आणि कोळशाचा धूर

भूजल वर राहिले तर विजेचीही बचत होते. एक हजार घनमीटर पाणी १० मीटर खोलीवरून उपसण्यास, पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास, सुमारे ६८ युनिट वीज लागते. तेच पाणी ६० मीटरवरून उपसण्यास सुमारे ४१० युनिट लागतात. आपल्याकडील पुष्कळशी वीज अद्याप कोळशावर होते आणि एका युनिटमागे सरासरीने सुमारे ०.७ किलोग्रॅम कर्बवायू हवेत जातो. म्हणजे पातळी राखणारे गाव दर हजार घनमीटरमागे जवळजवळ २४० किलोग्रॅम कर्बवायू वाचविते.

याखेरीज पाचट व धसकटे न जाळता कुजविणे, शेणाचा प्रथम गोबरगॅससाठी व मग खतासाठी उपयोग करणे, आणि युरिया माती-परीक्षणानुसार हप्त्याहप्त्याने देणे या गोष्टी कराव्या. जास्त दिलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड हा वायू निघतो; त्याची उष्णता कोंडण्याची शक्ती शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे २७० पट आहे. त्यातील नत्राचा काही अंश नायट्रेटच्या रूपाने विहिरीतही उतरतो. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेल्या 'माझी वसुंधरा' अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पाच तत्त्वांनुसार ग्रामपंचायतींच्या कामाचे मूल्यमापन केले जाते. ज्या गावाचा ताळेबंद नियमित आहे त्यास असे मूल्यमापन जड जाऊ नये.

सभेत उपस्थित होणाऱ्या शंका

"माझ्या विहिरीचे पाणी माझे; गाव मला कोण सांगणार?" या प्रश्नास रागाने उत्तर देऊ नये. निरीक्षण-विहिरींचे आकडे दाखवावे. एका बाजूस उपसा वाढला की दुसऱ्या बाजूची पातळी कशी उतरते हे आकड्यांत दिसले म्हणजे माणूस आपोआप विचार करू लागतो. महाराष्ट्राने भूजलाच्या नियमनासाठी २००९ चा कायदाही केला आहे. परंतु कायद्याआधी समजूत हेच ग्रामकार्यकर्त्याचे साधन होय.

"जमीन उद्या विकावयाचीच आहे, तर चर कशास खणावे?" ही शंका या परिसरात हमखास येते व तिच्यात तथ्यही आहे. परंतु सगळे गाव एकाच दिवशी विकले जात नाही. ज्यांना राहावयाचे आहे त्यांचे घर, जनावरे व विहीर मागे राहतेच. शिवाय कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या घरीही नळाला पाणी लागतेच.

"ऊसवाल्यांनी ऐकले नाही तर?" एकदम बंदीचा ठराव करून तो मोडला जाण्यापेक्षा पहिल्या वर्षी केवळ ताळेबंद वाचावा, दुसऱ्या वर्षी नवी कूपनलिका न घेण्याचे ठरवावे व तिसऱ्या वर्षी पिकांच्या क्षेत्रास हात घालावा. ज्यांचे पीक कमी होणार त्यांना ठिबक संच, कांदाचाळ अथवा दुभती जनावरे यांसाठी प्रथम साहाय्य मिळवून द्यावे. त्याग नेहमी एकाच्याच वाट्यास आला तर गावात दुफळी माजते.

वर्षाचा क्रम

मे महिन्यात विहिरींची पातळी मोजावी, चर व बांध दुरुस्त करावे, पर्जन्यमापक तपासावे. जून ते सप्टेंबर पावसाची रोज नोंद ठेवावी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ताळेबंद वाचावा व रब्बीची पिके ठरवावी; पेरणी त्यानंतर व्हावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वनराई बंधारे घालावे. २६ जानेवारीच्या सभेत शिल्लक पुन्हा पाहावी व उन्हाळी पिकांविषयी निर्णय घ्यावा. १ मे रोजी वर्षाचा हिशेब वाचून चूक कोठे झाली ते सांगावे. पहिल्या वर्षीचा अंदाज चुकणारच. तीन वर्षांच्या नोंदीनंतर गाव स्वतःचा अंदाज स्वतः बांधू लागते.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या वर्षी किती पाऊस पडला? तो आकडा गावात मोजला की दुसरीकडून घेतला?

२. भाडेकरू धरून आपल्या गावाची वस्ती किती? त्यांच्या पिण्याच्या पाण्यास वर्षाला किती घनमीटर पाणी लागेल?

३. गावातील सर्वांत मोठ्या पाच छपरांचे क्षेत्रफळ काढा. त्यांवर पडलेला पाऊस सध्या कोठे जातो ते पावसात उभे राहून पाहा.

४. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क गटाकडे राहावा, हा पाणी पंचायतीचा नियम आपल्या गावात लागू करावयाचा झाल्यास कोणाचा लाभ व कोणाची हानी होईल?

५. आपल्या विहिरीचे पाणी दहा वर्षांपूर्वी मे महिन्यात किती हात खाली होते? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा, व यंदाच्या मे महिन्यात स्वतः मोजून त्याशेजारी लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे सभेत प्रथम वाचावी. ताळेबंदाची पहिली ओळ तीच होय.